पालथ्या खाटा

जो मनुष्य स्वतःच्या पायांनी वैद्याच्या दारी जाऊ शकत नाही, त्याच्या प्रकृतीचा भार ज्याने त्याचे पाय अडवले त्याच्यावर येतो. अडवणे कायद्याला धरून होते की नव्हते, हा प्रश्न न्यायासनासमोरचा आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत त्या मनुष्याला श्वास घ्यावाच लागतो, अन्न पचवावेच लागते, रात्री कुठेतरी पाठ टेकावीच लागते. घरी असता तर हे सारे त्याने स्वतः पाहिले असते. त्याला झेपले नसते तर घरच्यांनी पाहिले असते. कुलपाआड तो भार दुसऱ्या कोणीतरी उचलायचा असतो, आणि तो दुसरा कोण हे ठरलेले नसेल, तर सगळी माणसे सज्जन असूनही अनर्थ घडू शकतो. नाथखेडला तो घडता घडता राहिला.

नाथखेड हे गर्भगिरीच्या कुशीतले, पाथर्डीच्या अलीकडचे गाव. गावाच्या वरच्या अंगाला नाथांची समाधी आणि खालच्या अंगाला, डांबरी सडकेला लागून, एका बंद पडलेल्या आश्रमशाळेचे वसतिगृह. मुदत संपूनही देशात राहिलेल्या, अथवा कागदपत्रांवाचून सापडलेल्या परदेशी लोकांना मायदेशी पाठवीपर्यंत ठेवण्यासाठी सरकारने ती इमारत घेतली, तिला तारेचे कुंपण घातले आणि दारावर एक लांबलचक नावाची पाटी लावली. ते नाव गावातल्या कोणाच्याही जिभेवर बसले नाही. गाव त्या जागेला ‘पाव्हण्यांचं वसतिगृह’ म्हणू लागले. या पाहुण्यांना परत जाण्याची मुभा नव्हती एवढेच. बाकी, गावाला नव्या माणसांना जे नाव देता येते ते त्याने देऊन टाकले.

केंद्रातल्या लोकांच्या औषधपाण्याची जबाबदारी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सुश्रुत यांच्याकडे होती. सुश्रुत गावचेच. त्यांचे वडील नारायण गुरुजी शेवगावच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते आणि आता सकाळच्या वेळी समाधीसमोर बसून पोथी वाचत. मुलाचे नाव त्यांनी मोठ्या आशेने ठेवले होते, आणि मुलानेही ते वाया जाऊ दिले नव्हते. सुश्रुत सोमवारी आणि गुरुवारी केंद्रावर जात. कचेरीत त्यांच्यासाठी स्वच्छ टेबल मांडलेले असे. शिपाई एकेका आजाऱ्याला आणून समोरच्या खुर्चीवर बसवी. डॉक्टर नाडी पाहत, छाती तपासत, रक्तदाब घेत, गोळ्या देत. बाहेर कोणी ताटकळत राहत नसे, कोणाला रिकाम्या हाताने परत जावे लागत नसे. जिल्ह्याच्या बैठकीत या व्यवस्थेची वाखाणणी झाली होती, आणि ती ऐकून सुश्रुतांना संकोच वाटला असला तरी वाईट खचितच वाटले नव्हते.

त्या आजाऱ्यांत मोतालेब नावाचा एक वृद्ध होता. बांगलादेशातल्या खुलन्याकडचा. तरुणपणी सरहद्द ओलांडून आला, श्रीरामपूर-राहुरीच्या बाजूला गवंडीकाम करीत राहिला, आणि म्हातारपणी एका तपासणीत सापडला. त्याची मुलगी तिकडेच, आजोळी वाढली होती. तिचे लग्न झाले, मुले झाली. बापाने ती नातवंडे फक्त मोबाईलच्या काचेवर पाहिली होती. मोतालेबचे हृदय अशक्त झाले होते. पाठीवर सपाट निजले की छातीत पाणी चढे आणि जीव घाबरा होई. सुश्रुतांनी पहिल्याच भेटीत ते ओळखले. अंगातले पाणी उतरवणारी लघवीची गोळी चालू केली, आणि आरोग्य केंद्रातली एक लोखंडी खाट, जिची पाठीकडची बाजू उचलून ठेवता येते, ती खास त्याच्यासाठी पाठवून दिली. त्या खाटेवर अर्धवट टेकून मोतालेब झोपू लागला. पायांची सूज ओसरली. चेहऱ्यावर तकाकी आली. कचेरीत आला की तो खुर्चीवर बसण्याआधी हात जोडून म्हणे, “डाक्टारबाबू, कल रात में एक बार भी नहीं उठा.”

मग फाल्गुन आला आणि गावाला नेम लागला.

नाथांच्या यात्रेआधीचा महिना नाथखेड नेमाने पाळते. त्या दिवसांत गावात कढई चुलीवर चढत नाही, डोक्याला तेल लागत नाही, लग्नाची बोलणी होत नाहीत, आणि गावाच्या शिवेच्या आत कोणी खाटेवर निजत नाही. नाथ भुईवर निजले, म्हणून गाव भुईवर निजते. नेमाच्या पहिल्या सकाळी घरोघरी खाटा आणि पलंग पालथे घातले जातात, पाय आभाळाकडे करून. यात्रेचा शेवटचा मानकरी परत फिरला की त्या पुन्हा सुलट होतात. गावात बदलून आलेले शिक्षक, तलाठी, बँकेतले लोकदेखील हे पाळतात; कोणी सक्ती करीत नाही, पण न पाळणाऱ्याला सकाळी दूध घालणारासुद्धा जरा निरखून पाहतो.

नेम लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मोतालेबच्या पायांवर पुन्हा सूज दिसली. सुश्रुतांनी विचारले, “नींद आती है?” मोतालेब काही बोलण्याआधी शिपाई हसून म्हणाला, “झोपतो की साहेब! दिवसासुद्धा पेंगतच असतो.” डॉक्टरांनी गोळी वाढवली. गुरुवारी सूज तशीच होती, डोळे खोल गेले होते. रोग पुढे सरकतो आहे असा सुश्रुतांनी निष्कर्ष काढला आणि गोळी आणखी वाढवली. विद्येच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. समोर दिसलेल्या लक्षणाला शास्त्राने सांगितलेले उत्तर त्यांनी दिले होते. फक्त ते लक्षण रात्री कोठे आणि कसे तयार होत होते, हे त्यांनी पाहिले नव्हते. कारण आजारी माणूस त्यांच्यापर्यंत आणला जात असे, ते आजाऱ्यापर्यंत जात नसत.

नेमाचा महिना सरत आला, तशात वरून निरोप आला. मोतालेबच्या नागरिकत्वाची खातरजमा झाली होती. शुक्रवारी पहाटे पोलिसांची गाडी येणार, केंद्रातल्या काही जणांना घेऊन पूर्वेकडच्या सरहद्दीपर्यंत जाणार. वाटेत गाडी, रेल्वे आणि पुन्हा गाडी. प्रत्येकाच्या नावापुढे डॉक्टरांचा ‘प्रवासास योग्य’ असा दाखला हवा होता.

आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सुश्रुत ते दाखले देण्यासाठी आले, तेव्हा केंद्राच्या दारातच राहीबाई उभी होती. राहीबाई केंद्रातली स्वयंपाकीण. झाडलोटही तीच पाही. गावातली, साठीला टेकलेली, आवाज खणखणीत.

“डाक्टर, बरं झालं आला. म्हातारं पाव्हणं न्हानीत पडलं. उचलून आनलंय, पन उठवलं की डोळं फिरतात त्याचं. कचेरीत न्हाई यायचा तो. तुमीच आत चला.”

केंद्र सुरू झाले त्या दिवसानंतर सुश्रुत प्रथमच निजण्याच्या दालनात शिरले. लांबट खोली, उंचावरच्या खिडक्या, भिंतीकडेला ओळीने पालथ्या घातलेल्या खाटा, मधे अंथरुणे. मोतालेब भिंतीला पाठ लावून बसला होता. कपाळाला खोक पडली होती, तिला राहीबाईने हळद लावली होती. सुश्रुत त्याच्यासमोर मांडी घालून बसले. नाडी पाहिली, ती मधेच अडखळत होती. जीभ कोरडी पडली होती.

“चक्कर आया था?”

“उठा तो अँधेरा हुआ, बाबू. फिर मालूम नहीं.”

रक्तदाब निजवून एकदा आणि उभे करून एकदा घ्यावा, म्हणून डॉक्टर म्हणाले, “थोडा लेट जाओ.”

मोतालेबने त्यांचा हात घट्ट धरला. “लेटेगा नहीं, बाबू. लेटने से पानी चढ़ता है.”

“तो रात को कैसे सोते हो?”

त्याने खिडकीखालच्या सिमेंटच्या कट्ट्याकडे बोट केले. “उधर बैठता है. पाँव नीचे, पीठ दीवार को. बैठे बैठे थोड़ा सोता है.”

“कट्ट्यावर? आणि खाट? पाठ उचलायची खाट दिली होती ना तुम्हाला?” घाईत ते मराठीतच बोलून गेले.

मोतालेबला मराठी पुरेसे कळत होते. त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिले. “उल्टा हो गया.”

तेव्हा सुश्रुतांनी त्या खाटांकडे पाहिले. दालनात आल्यापासून त्या त्यांच्या डोळ्यांसमोरच होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरी, शेजारी, आरोग्य केंद्राच्या निवासस्थानातही खाटा तशाच होत्या. तेही महिनाभर सतरंजीवर निजत होते. फाल्गुनात पालथी खाट दिसणे हे त्यांच्या डोळ्यांना इतके योग्य होते, की तिच्यात पाहण्यासारखे काही आहे असे डोळ्यांना वाटलेच नाही. ओळीतली शेवटची खाट लोखंडी होती. तिचे चारही पाय वर होते आणि तिच्या पाठीचा दांडा जमिनीला टेकून वाकला होता.

“बोले क्यों नहीं?”

“पहला दिन बोला. सिपाही बोला, पूरा गाँव का उल्टा है, साहब लोग का भी. मैं समझा, इस मुलुक का कायदा है. फिर गाड़ी में मेरा नाम आया. तकलीफ बोलेगा तो नाम काट देगा ना, बाबू.”

कट्ट्यावर पाय सोडून काढलेल्या रात्री, त्यामुळे आलेली सूज, ती सूज पाहून वाढवलेली गोळी, गोळीने शोषलेले अंगातले पाणी आणि क्षार, आणि शेवटी न्हाणीतले पडणे. सुश्रुतांच्या मनात ही साखळी कडीला कडी लागून उभी राहिली. त्यातल्या दोन कड्या त्यांनी स्वतःच्या हाताने घडवल्या होत्या.

“राहीबाई, या खाटा कोणी पालथ्या घातल्या?”

“म्याच की. दुसरं कोन घालनार? नेम लागला तवा सकाळीच घातल्या. शिपायानं हात लावला उचलाया.” तिच्या बोलण्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. “शिवेच्या आत हाय न्हवं ही जागा? ह्यांच्यापायी नाथांचा नेम मोडला असता तर गावानं काय म्हनलं असतं? आन् म्या त्याला तसाच न्हाई टाकला भुईवर. ही बघा, माझी गोधडी. लेकीच्या बाळंतपणाला शिवलेली, नवी कोरी. दिली त्याला.”

गोधडी खरोखरच नवी होती. मोतालेबने ती घडी घालून शेजारी ठेवली होती.

“राहीबाई, तुमच्या सासूबाई दम्याने आजारी होत्या, त्या वर्षी त्यांची खाट पालथी घातली होती?”

“न्हाई बा! आजारी मान्साला आन् बाळंतिणीला नेम नस्तो. आमचं मालक देवळात गेलं, नारळ ठेवला, म्हनले, म्हातारी आजारी हाय, तिची खाट सुलटी ऱ्हाईल. झालं.”

“मग यांचं?”

राहीबाई मोतालेबकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “ह्याच्याकडनं जाऊन सांगनारं कोन हुतं, डाक्टर? घरच्या कर्त्यानं सांगावं लागतं.”

सुश्रुत उठले आणि लोखंडी खाटेला हात घातला. राहीबाईने लगबगीने पुढे येऊन दुसरी बाजू धरली, पण उचलण्यासाठी नव्हे. “तुमी गावचं हाय. गुरुजींचं पोर हाय. न सांगता न्हाई सुलटी करायची. इपरीत झालं तर हे म्हातारंच भोगंल.” तिच्या डोळ्यांत खरे भय होते, आणि ते तिला स्वतःसाठी वाटत नव्हते.

सुश्रुतांनी खिशातून मोबाईल काढून वडिलांना फोन लावला. पलीकडे घंटा वाजत होती, कोणी पाठ म्हणत होते. त्यांनी थोडक्यात सारे सांगितले. नारायण गुरुजी कधीच घाईने बोलत नसत.

“रुग्ण शिवेच्या आत आहे ना?”

“आहे, अण्णा.”

“मग तो गावचाच रुग्ण झाला. बाहेरचा म्हणून नेमातून वगळला असता तर एक वेळ चालले असते. नेम लावायला तो गावचा, आणि सवलत द्यायला परका, असे कसे होईल? हे कोणाच्या ध्यानात आले नाही?”

“माझ्याही आले नाही, अण्णा.”

“ठीक आहे. आता आले.”

“पण कर्ता म्हणून कोणी यायचे? त्याचे इथे कोणी नाही.”

“तो कोणाच्या हातचे जेवतो?”

“राहीबाईंच्या.”

“मग त्यांनाच पाठव. मी इथेच बसलो आहे.”

राहीबाईने हे ऐकले, तेव्हा तिने प्रथम पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले. “गुरुजी सोता म्हनले? माझं नाव घिऊन?” ती स्वयंपाकघरात गेली, आमटीसाठी आणलेल्या नारळांतला एक उचलून निघाली, आणि दारातून वळून शिपायाला ओरडली, “म्या येस्तोर उगं बघत उभा ऱ्हाऊ नकोस, त्या खाटंचा वाकलेला दांडा सरळ कर.”

ती परत आली ती चढणीने धापा टाकतच. देवापुढे काय म्हणालीस, असे शिपायाने चेष्टेने विचारले, तर म्हणाली, “म्हनलं, आमच्या घरचा आजारी हाय. तुला काय करायचंय?” दोघांनी मिळून खाट सुलटी केली. मोतालेब तिच्यावर अर्धवट टेकला आणि पाय वर घेतले.

परंतु खाटेने जे सुधारण्यासारखे होते त्याची वेळ निघून गेली होती. नाडी अडखळतच होती. सुश्रुत कचेरीत गेले.

तेथे केंद्राचे प्रमुख, फौजदार हनुमंतराव गोल्हार, दाखल्यांची वाट पाहत होते. हनुमंतराव मूळचे खर्ड्याचे. माणूस वाईट नव्हता; केंद्रात कोणावर हात उगारलेला त्यांना खपत नसे. पण यात्रेच्या बंदोबस्ताने आणि या गाडीच्या पत्रव्यवहाराने ते मेटाकुटीला आले होते.

“झालं का डॉक्टर? या, चहा घ्या. सगळ्यांचे कागद भरून ठेवलेत, तुमच्या सह्या तेवढ्या राहिल्यात.”

“मोतालेबला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायला हवे. त्याच्या हृदयाची लय बिघडली आहे. अंगातले क्षार उतरले आहेत. तिथे रक्त तपासून, यंत्रावर ठेवून औषध द्यावे लागेल.”

हनुमंतरावांनी कप खाली ठेवला. “पहाटे गाडी आहे.”

“तो त्या गाडीने जाऊ शकत नाही.”

“डॉक्टर, जरा विचार करा. ह्या एका कागदासाठी किती हेलपाटे झालेत तुम्हाला माहीत नाही. ही तुकडी हुकली तर पुढची कधी, ते देवालाच ठाऊक. तुम्ही त्याला वाचवायला निघालात आणि इथंच सडवाल. तो स्वतः म्हणतोय ना, जायचंय म्हणून?”

“म्हणतो आहे.”

“मग?”

“मग त्याच्या म्हणण्याने त्याची नाडी सरळ होत नाही.”

हनुमंतराव उठून खिडकीशी गेले. “बरं, समजा दवाखान्यात न्यायचं. सोबतीला पोलीस लागतात. माझी सगळी माणसं वर समाधीवर गर्दी आवरत उभी आहेत. वरून परवानगी यायला संध्याकाळ होईल. तुम्हीच सांगा, कोणाच्या जबाबदारीवर सोडू?”

“हेच विचारत विचारत त्याची खाट महिनाभर पालथी राहिली,” सुश्रुत म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “साहेब, यात पहिली चूक माझी आहे. तो रात्री कसा निजतो हे न पाहता मी गोळी दोनदा वाढवली. मी तसे लिहून देणार आहे. प्रवासास अयोग्य, तातडीने दाखल करणे आवश्यक, आणि कारण काय, तेही. त्याखाली वेळ घालणार आहे. त्यानंतर तो या इमारतीत किती वेळ राहिला, हे तुमच्याकडे.”

“म्हणजे मला अडकवताय.”

“मला आधी अडकवून घेतो आहे. तुम्ही मोकळे व्हायचे की नाही ते तुम्ही पाहा.”

हनुमंतरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. रागाने असेल, पण त्यात हिशेबही होता. गाडीत, कुठल्याशा अनोळखी स्टेशनाच्या फलाटावर हा म्हातारा गेला तर काय होईल, हे पोलिसाच्या डोळ्यांना डॉक्टरांपेक्षा स्पष्ट दिसत असते. “चहा तरी घ्या,” ते वैतागून म्हणाले. “गार झाला.”

दरम्यान मोतालेबला कुणकुण लागली होती. सुश्रुत दालनात परतले, तेव्हा तो खाटेवरून उतरण्याच्या खटपटीत होता आणि राहीबाई त्याला खांद्याने दाबून ठेवीत होती.

“सही कर दो, बाबू,” तो म्हणाला. “मैं ठीक हूँ. देखो, बैठ गया.”

“नहीं कर सकता.”

“मेरी बेटी स्टेशन पे आएगी. उसको बोल दिया.”

“उसको मैं फोन करूँगा.”

“मरना है तो उधर मरेगा. आपका क्या जाता है?” त्याचा स्वर चिरकला. “आप रोज घर जाता है. मैं एक बार माँगता हूँ.”

सुश्रुत खाटेच्या कडेला बसले. त्यांना जेवढे हिंदी येत होते तेवढ्यात त्यांनी सांगितले, की ही वेळ त्याच्यावर रोगाने आणलेली नाही, त्यांच्या हातून आलेली आहे. गोळी त्यांनी वाढवली, आणि रात्री तो कुठे निजतो हे पाहायला ते आले नाहीत. आता दुसरी चूक करून पहिली झाकता येणार नाही. गाडीत निजायला जागा नाही, वाटेत औषध नाही, आणि हृदय थांबले तर थांबलेच.

मोतालेबने ऐकले. क्षमा केली असे तो म्हणाला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. राहीबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, तो त्याने घेतला नाही.

“रुसू दे,” ती हळूच म्हणाली. “रुसायला तरी जित्ता ऱ्हाईल.”

सुश्रुतांनी बोलावलेली अँब्युलन्स आली तेव्हा दारात हनुमंतराव टोपी घालून उभे होते. सोबत कोणीही शिपाई नव्हता. “माणूस नाही म्हणून सांगितलं ना? मग मीच येतो,” ते म्हणाले. “परवानगी येईल तेव्हा येईल. फोन चालू आहे माझा.” आणि मोतालेबला चढवताना त्याच्या काखेत हात घालत म्हणाले, “चला चाचा. तुमच्यामुळं यात्रेच्या धुळीतून तरी सुटलो.”

नगरच्या रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली. शरीरातले क्षार फार खाली गेले होते, आणि रात्री दोन वेळा हृदयाची लय इतकी सुटली की यंत्राचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी, पूर्वेकडची गाडी गेल्यानंतर, सुश्रुतांनी मोतालेबच्या मुलीला फोन लावला. तिचे बोलणे त्यांना अर्धेच कळले. ती रडली, मग तिने बापाचा आवाज ऐकायचा आहे म्हणून सांगितले. सुश्रुतांनी फोन मोतालेबच्या कानाशी धरला. बापलेक पुष्कळ वेळ बोलले. डॉक्टरांकडे मोतालेबने पाहिले नाही.

तो बरा होऊन केंद्रात परतला तरी तो अबोला सुटला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. सुश्रुत आता टेबलाशी बसत नसत. दालनातून फिरत, ज्याची त्याची निजण्याची जागा पाहत, न्हाणीचा दरवाजा, पाण्याची घागर पाहत. लोकांशी बोलताना शिपायाला बाहेर थांबवत, आणि बंगाली जाणणाऱ्या नगरच्या एका शिक्षिकेला फोनवर घेत. याने वेळ दुप्पट लागे, बाहेर माणसे ताटकळत, आणि जिल्ह्याच्या बैठकीत विलंबाबद्दल विचारणाही झाली. मोतालेब विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देई. रागावण्याचा त्याला अधिकार होता, हे सुश्रुतांना मान्य होते. म्हणून त्यांनी समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. फक्त नाडी पाहत राहिले. ती आता एका लयीत चालत होती.

पावसाळा सरत आला तेव्हा पुढच्या तुकडीचे कागद आले. या वेळी सुश्रुतांनी दाखला देण्यापूर्वी त्याला अंगणात चालवले, जिना चढवला, नगरला नेऊन पुन्हा तपासून आणले. मग सही केली. वाटेत पुरतील आणि घरी पोचल्यावरही काही काळ पुरतील इतक्या गोळ्या बांधून दिल्या. कोणती कधी घ्यायची, ते शिक्षिकेकडून बंगालीत लिहवून घेतले. प्रवासात टेकून बसता येईल अशी खिडकीकडची जागा हनुमंतरावांनी भांडून मिळवली. राहीबाईने भाकरी, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा बांधला. “तिकडं भात खातील, हे कशाला?” असे शिपाई म्हणाला. ती म्हणाली, “वाटंत भूक लागंल तवा तुजं त्वांड खाईल का?”

गाडी सुटण्याआधी मोतालेब सुश्रुतांपाशी आला. मग आपल्या मनगटावरचा त्यांचा हात, जो ते सवयीने नाडीवर ठेवून होते, तो त्याने दोन्ही हातांत घेतला.

“उस दिन सही करता तो मैं खुश होता, बाबू,” तो म्हणाला. “रास्ते में मर जाता, पर खुश होता.” मग क्षणभराने, “बेटी बोली, आपको सलाम बोलने का.”

“आणि तुमचं?”

मोतालेब हसला. गाडीत चढला.

काही दिवसांनी केंद्राच्या फोनवर एक चित्र आले: अंगणात, केळीच्या झाडाशेजारी, वेताच्या खुर्चीत बसलेला मोतालेब, मांडीवर एक लहान मूल, ते मूल त्याची दाढी ओढते आहे. राहीबाईने ते फोन घेऊन दोनदा पाहिले, आणि नारायण गुरुजींना दाखवायला म्हणून समाधीपर्यंत चढून गेली. गुरुजींनी चष्मा लावून ते चित्र निरखले, फोन तिला परत दिला आणि पोथी मिटून हात जोडले.

त्या दूरच्या अंगणात त्या वृद्धाला सुखाची झोप लाभो. त्याच्या लेकीचे दार त्याच्यासाठी सदैव उघडे राहो. ज्यांनी त्याला अन्न दिले, औषध दिले, आणि ज्यांच्या हातून चुकले त्यांचेही हात पुढच्या रुग्णासाठी स्थिर राहोत. आणि नाथखेडच्या त्या दालनात आज रात्री जे कोणी निजले असतील, त्यांचा श्वास मोकळा चालो.